बीड कुठं हरवलं?
डेटाची दुनिया : लेखांक ६

२०११च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात बीड जिल्हा नेहमीच्या स्पेलिंगने शोधायला जावं, तर सापडत नाही. जिल्हा आहे जागेवरच. पण डबल ई गायब करून त्याचं नाव बी-आय-डी असं तीन अक्षरांत उरकलेलं आहे. रायगडची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या शेवटचा ‘डी’ काढून तिथं ‘आरएच’ बसवलाय, म्हणजे नेमकं छत्तीसगडमधल्या रायगढचं स्पेलिंग!

आता हा तक्ता जिल्हावार पावसाच्या तक्त्याशी नावावरून जोडायचा आहे, असं समजा. संगणकाच्या लेखी एक अक्षर इकडचं तिकडे झालं की नाव वेगळं. साध्या ‘इनर जॉइन’मध्ये न जुळलेल्या ओळी निमूटपणे गळतात, चुकीचा इशारासुद्धा येत नाही. त्यामुळे जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजणं ही पहिली सवय. दुसरी, झाडलोट: नावापुढच्या-मागच्या रिकाम्या जागा, कॅपिटल-स्मॉल, टिंबं. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात मात्र एक वेगळीच न तुटणारी स्पेस येते आणि एक्सेलचं ‘ट्रिम’ तिला हातही लावत नाही.

झाडलोटीनेही बीड हाती लागत नाही, तेव्हा लोक ‘फझी मॅचिंग’कडे वळतात. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ साली मांडलेलं माप त्यासाठी सर्रास वापरतात: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात? जनगणनेतल्या ‘बीड’पासून नेहमीच्या ‘बीड’पर्यंतचं अंतर दोन. आणि तिथूनच कर्नाटकातल्या बिदरपर्यंतचं अंतरही दोनच! म्हणजे मराठवाड्याचा पाऊस शेजारच्या राज्यात पडायला वाव आहे.

अमेरिकेत १९१८ साली पेटंट मिळालेली साउंडेक्स ही उच्चारावर चालणारी पद्धत इथे सरस ठरते. दोन्ही बीडना ती ‘बी-३००’ देते, बिदरला ‘बी-३६०’. पण पहिलं अक्षर ती जसंच्या तसं ठेवते, त्यामुळे वाशिम ‘डब्ल्यू’ने आणि ‘व्ही’ने लिहिलं की तिच्या दृष्टीने गावं दोन.

मग सगळं देवनागरीतच ठेवलं तर? ‘कऱ्हाड’ घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये एका सलग चिन्हाने लिहिता येतो, साध्या र खाली नुक्ता देऊनही लिहिता येतो. शिवाय र, हलन्त आणि न दिसणारा ‘झीरो विड्थ जॉइनर’ घालूनही पडद्यावर तेच रूप उमटतं. पहिली दोन रूपं युनिकोडच्या ‘नॉर्मलायझेशन’ने एक होतात. तिसरं होत नाही, ते स्वतंत्र नियम लिहूनच पकडावं लागतं. डोळ्यांना फरक दिसत नसल्याने ही चूक शोधणारा पार मेटाकुटीला येतो.

काही वेळा तर दोष स्पेलिंगचा नसतोच. पालघर २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. २०११च्या तक्त्यात तो कितीही शोधला तरी मिळणार नाही. उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ मध्ये, आणि ही दोन नावं एकच आहेत हे अक्षरं मोजून कुणालाच कळणार नाही. तिथे हाताने केलेली जुन्या-नव्या नावांची यादीच लागते.

म्हणून जोडणी नावावर नको, क्रमांकावर करा. २०११च्या जनगणनेत बीडचा जिल्हा क्रमांक ५२३ आहे. आपल्या तक्त्यात असा रकाना नसेल, तर आधी तो भरून घ्या. आणि फझी मॅचिंगने सुचवलेली प्रत्येक जोडी तो जिल्हा ओळखणाऱ्या माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या.