माहूर : मुखदर्शनाच्या पलीकडे

शेजारच्या ब्लॉकमधील मंडळी गेल्या उन्हाळ्यात विलायतेची वारी करून आली, आणि तेव्हापासून आमच्या घरी वेल्स प्रांतातील एका डोंगरी खेड्याची पारायणे सुरू झाली. खेड्याचे नाव बेडगेलर्ट. दोन चिमुकल्या नद्यांचा संगम, दगडी घरे, पाठीशी स्नोडनचे डोंगर आणि गावाबाहेर चक्क एका कुत्र्याची समाधी! लेवेलिन नावाचा राजा म्हणे शिकारीहून परतला. पाहतो तो पाळणा उलटलेला, बाळाचा पत्ता नाही आणि लाडक्या कुत्र्याचे तोंड रक्ताने माखलेले. राजाने तलवार उपसली आणि कुत्र्याला ठार केले. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडले, आणि शेजारी मेलेला लांडगा! आपल्याकडील ब्राह्मणी आणि मुंगसाचीच ही गोष्ट. तेथल्या एका खाणावळवाल्याने गिऱ्हाईक वाढावे म्हणून ती गावात रुजवली, असे जाणकार सांगतात. ते काही असो, ती समाधी पाहायला जगभरची माणसे जातात.

हे सारे ऐकताना सौ. माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहत होती, तिचा अर्थ संसारी वाचकांना सांगायला नको. विलायतेचे तिकीट माझ्या खिशाला झेपणारे नव्हते. परंतु डोंगरातले खेडे, वळणे घेणारी नदी, पडका किल्ला, धबधबा आणि उतावळेपणाची एक जुनी कथा, हे सारे एका जागी हवे असेल तर पारपत्र काढण्याची गरज नाही. नांदेड जिल्ह्यात माहूर आहे. शिवाय ते आमच्या घराण्याचे कुलदैवत! आई लग्नानंतर पहिल्या वर्षी ओटी भरायला गेली होती, त्यानंतर तिचे जाणे झालेच नाही. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिचे गुडघे बोलू लागले आहेत. "आता नाही तर केव्हा?" एवढेच ती म्हणाली, आणि कोजागिरीनंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो.

मुक्काम आधी हदगावला, ताईकडे. नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागले की हे तालुक्याचे गाव लागते. दोहो बाजूंना कापूस, हळद आणि सोयाबीन. गावाची दत्तबर्डी प्रसिद्ध आहे. संध्याकाळी आईला तिथे नेले, तेव्हा दाजी म्हणाले, "ही तालीम समजा. खरी परीक्षा माहूरला." दाजी पेशाने शिक्षक, त्यामुळे त्यांनी सहलीचे वेळापत्रक वहीच्या पानावर आखूनच ठेवले होते. पहिल्या दिवशी सहस्रकुंड आणि उनकेश्वर करून रात्री माहूर. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत रेणुका, दत्त आणि अनसूया अशी तिन्ही दर्शने, आणि जेवायला परतीच्या वाटेवर उमरखेड. हल्ली बहुतेक यात्रेकरू असेच करतात.

सकाळी हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्याला, परमेश्वराचे दर्शन घेऊन इस्लापूरमार्गे सहस्रकुंड गाठले. पैनगंगा इथवर अगदी सोशिक सुनेसारखी मुकाट्याने येते, आणि काळ्या कातळाच्या कड्यावर आली की एकदम मोकळी होते. एक धार इकडून, दुसरी तिकडून, मधल्या खडकांतून आणखी कितीतरी. पावसाळ्यात सगळ्या मिळून एकच पांढरी भिंत होते. आम्ही गेलो तेव्हा धारा वेगवेगळ्या मोजता येत होत्या. अलीकडचा काठ नांदेड जिल्ह्याचा म्हणजे मराठवाडा, पलीकडचा यवतमाळचा म्हणजे विदर्भ. एके काळी ही नदी म्हणजे निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांच्यामधली सरहद्द होती. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवटचा हा भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला. म्हणून इथल्या बाजारात आजही मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी आणि दखनी उर्दू कानावर पडते.

किनवटच्या पुढे सागवानाचे जंगल सुरू होते. वाट थोडी वाकडी करून उनकेश्वरला गेलो. महादेवाच्या देवळाजवळ कुंडात जमिनीतून गरम पाणी येते. त्याला गंधकाचा वास असतो आणि त्वचेच्या विकारांवर ते गुणकारी अशी लोकांची श्रद्धा आहे. शरभंग ऋषींची व्याधी रामाने बाण मारून काढलेल्या या पाण्याने बरी झाली, अशी कथा सांगतात. आईने गुडघ्यांवर ओंजळ ओंजळ पाणी घातले आणि आमच्या चिरंजिवांनी "आजी, गीझर कुठे आहे ग?" असे विचारून सर्वांना हसवले.

माहूरला पोचेतो दिवे लागले होते. गाव लहान, डोंगरांच्या कुशीत. बसस्थानकाभोवती फुलांची, कुंकवाची नि खणांची दुकाने. वर तीन शिखरांवर तीन दिव्यांचे ठिपके: एकावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर अनसूया.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. मोटार पायथ्याशी थांबली आणि पायऱ्या सुरू झाल्या. आई पाच पायऱ्या चढे आणि बसे. पुन्हा पाच, पुन्हा बसे. दाजी घड्याळाकडे पाहत. मी हात पुढे केला तर म्हणाली, "नवसाला नव्हे, माहेराला आल्यासारखी आले आहे. मला माझ्या पायांनी जाऊ दे." चढायला तिला दीड तास लागला. इतर मंडळी भराभर वर जात होती आणि भराभर खाली येत होती. कोणी आईला वाट देत, कोणी म्हणत, "आजी, दमानं या." गाभाऱ्यासमोर पोचल्यावर ती काही बोलली नाही. थरथरत्या हातांनी ओटी भरली आणि कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली.

देवीची मूर्ती म्हणजे नुसते मुख आहे. शेंदराने माखलेला सुमारे पाच फुटी भव्य तांदळा, त्यावर मोठे डोळे, नाकात नथ आणि मुखात विडा. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. नुसतेच मुख का, याची कथा घरोघर ठाऊक आहे, तरी तिथे बसून ऐकली की निराळीच वाटते. सहस्रार्जुनाने जमदग्नी ऋषींना मारले. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह ठेवला, दुसऱ्यात आईला बसवले आणि अंत्यसंस्कारासाठी कोरी भूमी शोधत तो हिंडू लागला. माहूरला दत्तात्रेयांनी ती भूमी दाखवली. परशुरामाने बाण मारून पाणी काढले, ते मातृतीर्थ. रेणुकामाता पतीबरोबर सती गेली. मुलगा आईसाठी आक्रोश करू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली: तुझी आई जमिनीतून वर येईल, मात्र तू मागे वळून पाहू नकोस. पण त्याला धीर निघाला नाही. त्याने वळून पाहिले तेव्हा मुख तेवढे वर आले होते. तेवढेच राहिले.

इथला प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पाने, कात, सुपारी, बडीशेप असा सगळा ऐवज लोखंडी खलात कुटतात आणि त्याचा गोळा हातावर ठेवतात. दात नसलेल्यालाही विडा खाता यावा, अशीच जणू देवीची सोय! तांबूल कुटणाऱ्या एका बाईंपाशी आई विसावा घ्यायला बसली. दाजींची चुळबुळ पाहून बाई म्हणाल्या, "काहून घाई करता बाप्पा? परशुरामानं घाई केली अन् मुखच दिसलं. तुम्हीबी तसंच करता. मुख पाहता अन् मोटारीत बसता. बाकीचं माहूर कोन पाहावं?"

दाजींनी वहीचे पान घडी घालून खिशात ठेवले. आईला आणखी दोन शिखरे एका दिवसात चढणे शक्यच नव्हते, तेव्हा आणखी एक रात्र मुक्काम ठरला. आणि खरे सांगायचे तर त्यामुळेच आम्हांला माहूर दिसले.

दुपारी आई आणि ताई धर्मशाळेत विसावल्या आणि आम्ही बाकीचे किल्ल्यावर गेलो. याला रामगडही म्हणतात. डोंगराच्या कडेकडेने तटबंदी धावते. आत महाकालीचे देऊळ, तलाव आणि पडक्या वास्तू आहेत. तटावर उभे राहिले की खाली पैनगंगेची वळणे आणि सागाचे रान दिसते. यादव, गोंड, बहामनी, मोगल अशा अनेक सत्ता इथे नांदल्या. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे होते. बापाविरुद्ध बंड करून पळालेला राजपुत्र खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, 1623 साली इथे आश्रयाला आला होता.

परंतु मला या तटावर आठवली ती रायबागन. माहूरच्या देशमुख घराण्यातील ही बाई. कर्त्या पुरुषामागे तिने जहागिरी सांभाळली, स्वतः लढाईत उतरली आणि औरंगजेबाने तिला रायबागन, म्हणजे राजव्याघ्री, असा किताब दिला. 1661 च्या फेब्रुवारीत कारतलबखान कोकणात उतरताना उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी त्याला कोंडले, तेव्हा ती त्या फौजेत होती. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. अशा वेळी शरण जाऊन फौज वाचवावी, हा शहाणपणाचा सल्ला खानाला तिनेच दिला, असे 'शिवभारता'त वर्णन आहे. शत्रुपक्षाची असली तरी पाणीदार बाई! तिच्या गावात तिचे नाव घेणारा यात्रेकरू मात्र क्वचितच भेटतो.

गावालगत पांडवलेणी आहेत. नाव पांडवांचे, पण काम राष्ट्रकूट काळातले मानतात. डोंगर कोरून काढलेली प्रशस्त दालने आणि जाडजूड खांब. आत शिरताच ऊन विसरते आणि चिरंजीवही आपोआप हळू बोलू लागतात. जवळच देवदेवेश्वराचे स्थान आहे. महानुभाव पंथाची मंडळी इथे दुरून दुरून येतात, कारण त्यांच्या परंपरेत श्रीदत्तात्रेय प्रभू आणि चांगदेव राऊळ यांचा संबंध माहूरशी आहे. सोनापीर दर्ग्यावरही साऱ्या जातीधर्मांची माणसे माथा टेकतात. एवढ्याशा गावात हे सारे शेजारी शेजारी आहे.

तिसऱ्या दिवशी दत्तशिखर आणि अनसूया. आई आता या डोंगराच्या चालीला सरावली होती. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि झोपायला माहूरला येतात, अशी श्रद्धा आहे. तिथली शांतता अनुभवल्यावर देवाची निवड पटते. अनसूयेच्या शिखरावर तर आमच्याखेरीज चारदोनच माणसे होती. घाटात सीताफळांची झाडे, रानात मोरांचे ओरडणे आणि गार वारा. पैसे मोजून थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्यांनी हे एकदा अनुभवावे.

शेवटी मातृतीर्थाच्या काठी गेलो. आई पाण्यात पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "एवढा मोठा परशुराम, पण आईसाठी त्यालाही धीर निघाला नाही. त्याचे काय चुकले रे?" मला उत्तर सुचले नाही. तिने ते मागितलेही नव्हते.

परतताना धनोड्याला पैनगंगा ओलांडली आणि महागाव, उमरखेड करत हदगाव गाठले. नांदेड जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात यायला मध्ये यवतमाळ जिल्हा लागतो, ही भूगोलाची गंमत चिरंजिवांना फार आवडली.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार शब्द. नांदेडपर्यंत आगगाडी आहे, तेथून माहूरला एस.टी.च्या गाड्या जातात. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड आणि किनवट ही स्टेशनेही आहेत. नवरात्रात, दत्तजयंतीला आणि राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला अलोट गर्दी असते. ती गर्दी हाही एक सोहळाच, पण वृद्ध माणसे बरोबर असतील तर ते दिवस टाळावेत. सहस्रकुंड पाहायचे तर भाद्रपद-आश्विन बरा. निसरड्या कातळावर मुलांना मोकळे सोडू नये. पायऱ्या चढायला सकाळची वेळ उत्तम.

आणि मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा. नवरात्राचे नऊ दिवस माहूरला उसंत नसते, पण वर्षाचे उरलेले बरेच दिवस तिथली दुकाने नि खानावळी वाट पाहत असतात. घाईने गेलेल्यास माहूर मुख दाखवते, आणि तेही काही थोडे नाही. सवडीने गेलेल्यास मात्र ते किल्ला, लेणी, जंगल, नदी आणि माणसे असे सगळेच दाखवते. येत्या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा. त्यांची चाल संथ असते, आणि माहूर पाहायला तीच चाल योग्य आहे.