शंभर मीटर आणि चार बटणे

धावणे म्हणजे काय, हे मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी शिकलो. आणि तेही भवानी पेठेतल्या माझ्या घरी, खुर्चीत बसून!

मे महिन्यात पुण्याचा नातू सुट्टीला आला होता. "आजोबा, एक गंमत दाखवतो," म्हणून त्याने संगणकावर एक खेळ लावला. पडद्यावर एक धावपटू उभा. नाव क्वॉप. एका देशाने ऑलिंपिकला पाठविलेला हा एकुलता एक गडी. तयारीला पैसा पुरला नाही, अशी कबुली खेळच आरंभी देतो. त्याला शंभर मीटर पळवायचे, एवढेच काम.

इतर खेळांत एक बटण दाबले की माणूस पळत सुटतो. येथे ती सोय नाही. 'क्यू' आणि 'डब्ल्यू' यांच्या ताब्यात मांड्या, 'ओ' आणि 'पी' यांच्या ताब्यात पोटऱ्या. क्यू दाबावा तर एक मांडी पुढे, दुसरी मागे. डब्ल्यू दाबावा तर नेमके उलट. पोटऱ्यांचेही तसेच. तोल सांभाळणे तुमच्याकडे! मी मोठ्या ऐटीत बोट ठेवले आणि गडी जागच्या जागी उताणा पडला. दुसऱ्या खेपेस तो मागे गेला. अंतराचा आकडा उणे झालेला पाहून नातू गडबडा लोळला.

बेनेट फॉडी या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने 2008 साली हा खेळ रचला. गृहस्थ मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, यात मला काही नवल वाटले नाही. 2017 साली त्यांनी आणखी एक खेळ काढला. त्यात कढईत बसलेला माणूस हातोड्याच्या आधाराने डोंगर चढतो, आणि हात चुकला की पार पायथ्याशी येतो. उसेन बोल्ट 2009 मध्ये बर्लिनला शंभर मीटर 9.58 सेकंदांत धावला. क्वॉपला पळविण्याचा विक्रम कर्नाटकातल्या चिंतामणी गावच्या एका तरुणाने 2013 साली गिनीज बुकात नोंदविला, तो 51 सेकंदांचा! आठवडाभराने माझी मजल सात मीटरांवर होती. पण ते सात मीटर झाले त्या रात्री मला आनंदाने झोप लागेना, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या शेजारी एक मामा राहतात. जन्म विणकराच्या घरातला. तरुणपणी हातमाग, पुढे यंत्रमाग. गेल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवे अंग लुळे पडले. बोलणे सुधारले, पण काठी घेऊन चालताना कोणी पाहिलेले त्यांना खपत नसे. व्यायाम शिकविणारी मुलगी आली की तोंड भिंतीकडे.

एका संध्याकाळी मी त्यांना बळेच घरी आणून बसविले. क्वॉप उभा राहिला, झुलला, धाडकन पडला. मामा थोडा वेळ पाहत राहिले आणि खो खो हसू लागले. "मास्तर, हे तर माझंच की ओ! मांडी म्हणते चल, पोटरी म्हणते थांब!"

नंतर त्यांनी डावा हात पुढे केला. क्यू-डब्ल्यू त्यांच्याकडे, ओ-पी माझ्याकडे. मी घाई करी, ते रागावत. "मागावर बसल्यागत बसा. पाय पावडी दाबतो, हात धोटा पळवतो, कोणी कोणाच्या आधी जायचं नाही." मग तेच ताल धरू लागले, खट् आणि खट्. पहिल्या खटाला त्यांचा क्यू आणि माझा पी, दुसऱ्याला त्यांचा डब्ल्यू आणि माझा ओ. गडी एक गुडघा जमिनीला घाशीत का होईना, पुढे सरकू लागला.

पन्नास मीटरांवर वाटेत एक अडसर उभा असतो, तो नातवाने आम्हाला सांगितलाच नव्हता. एकोणपन्नासाव्या मीटरला आमचा गडी त्याच्यावर कोसळला.

मामांनी नातवाकडे रागाने पाहिले, काठी शोधली आणि उठले. दारापर्यंत त्यांच्याबरोबर जावे म्हणून मी उठलो, तर म्हणाले, "बसा तुम्ही. उद्या सहाला येतो. व्यायामाची बाई साडेपाचला जाते."

ती भिंतीकडे तोंड करून घालवायची वेळ होती. दारातून बाहेर पडताना ते हळूच ताल मोजीत होते, खट् आणि खट्.