आवाजाची बैठक

गाण्याच्या मैफलीला मराठीत ‘बैठक’ म्हणतात. पण या शब्दापाशी सहसा कोणी थांबत नाही. गवयी बसतो, साथीदार बसतात, श्रोतेही बसतात, म्हणून ती बैठक. शिष्याला पहिला षड्ज लावायला शिकविण्याआधी गुरुजी मांडी घालायला आणि पाठ सरळ ठेवायला सांगतात. पुढे चाळीस-पन्नास वर्षे तो देह त्याच आसनात श्वास घेतो, खर्ज भरतो, तान घेतो. असा आवाज कायमचा टिपून ठेवण्याची वेळ येते तेव्हा मात्र यंत्राच्या सोयीसाठी आपण गाणाऱ्याला उभे करतो, मऊ कोचावर बसवितो किंवा मान पुढे काढायला लावतो. आणि मग आवाज नेहमीसारखा लागला नाही म्हणून हळहळतो.

आमच्या टिळकवाडीत हा विषय घरगुतीच म्हणावयाचा. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले, आणि तेथे स्वागतगीत गाणाऱ्यांत धारवाडकडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगल म्हणून विख्यात झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी गावी शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, जन्मास आले. पेटीवादक रामभाऊ विजापुरे यांनी तर आयुष्यभर याच शहरात विद्यार्थी घडविले. अशा गावात गाणे जाणणारी माणसे घरोघर असावीत यात नवल नाही. आज त्यांची मुले-नातवंडे बंगळुरास, पुण्यास, काही सातासमुद्रापलीकडे आहेत. आणि ‘आजीचा आवाज भरून पाठवा’ अशी मागणी सणावारी येते. मोबाइल प्रत्येकाच्या हाती असल्याने भरणे सोपे झाले आहे. बसवावे कसे, हे मात्र कोणी विचारीत नाही.

यंत्रापुढे देहाने वाकावे, ही सवय फार जुनी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, त्या वेळी मायक्रोफोन नव्हताच. एक मोठा कर्णा असे. त्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा आणि सुई. आवाजाच्या बळानेच सुई हलावयाची आणि मेणावर रेघ ओढावयाची. म्हणून गाणाऱ्याने तोंड कर्ण्याशी न्यायचे, हळुवार स्वरांना आणखी पुढे झुकायचे, तार स्वर आला की मागे सरायचे, आणि हे सारे साधारण तीन मिनिटांत उरकायचे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि कर्णा गेला. पण कर्ण्यापुढे झुकण्याची खोड अद्याप गेलेली दिसत नाही. मायक्रोफोन समोर ठेवला की शंभरांत नव्वद माणसे हनुवटी पुढे काढतातच!

आता देहाचे काय होते ते पाहू. श्वास घेताना छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, ज्याला श्वासपटल म्हणतात, खाली उतरतो आणि फुप्फुसांना जागा करून देतो. पाठीला पोक काढून बसले की पोटातील अवयव दाबले जातात, पडद्याला उतरावयास वाव राहत नाही, श्वास अपुरा पडतो, आणि लांब आलाप शेवटच्या टप्प्यात थरथरतो. हनुवटी वर उचलली की कंठाभोवतीचे स्नायू ताणले जातात व तार स्वर चिरकतो; मान खाली घातली तर आवाज कोंडतो. गुडघे कमरेपेक्षा वर आले की पाठ आपोआप वाकते. म्हणूनच जुनी मंडळी बैठकीखाली घडी केलेली सतरंजी सरकवीत. कंबर चार बोटे उंचावली की मांडी सैल पडते, कणा सरळ राहतो, पोट मोकळे होते.

श्वासाची किंमत कुमार गंधर्वांइतकी कोणी मोजली असेल? १९४८ च्या सुमारास क्षयाने त्यांना गाठले, देवासला राहावयास जावे लागले, काही वर्षे गाणे बंद झाले, आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. पुन्हा गाऊ लागले ते उरलेल्या श्वासाला धरून. लहान, तेजस्वी स्वरवाक्ये आणि त्यांमधले बोलके विराम ही त्यांच्या गाण्याची ओळखच झाली. देह देईल तेवढेच घेऊन त्यांनी नवे गाणे उभे केले.

उभे राहून गाणे वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. लताबाई मंगेशकर ध्वनिमुद्रणाच्या वेळी पादत्राणे काढून उभ्यानेच गात. पाश्चात्त्य संगीतनाटकांतील गायकांची तालीमच उभ्याने होते. आपला कीर्तनकारही उभाच असतो, आणि त्याला बसविले तर त्याचा निम्मा रंग उतरेल. ज्या आसनात आवाज घडला, त्याच आसनात तो टिपावा, एवढेच आमचे म्हणणे. पंडित भीमसेन जोशी गाताना सर्वांगाने गात. हात, खांदे, चेहरा, सारे स्वराबरोबर धावे. हिराबाई बडोदेकरांची बैठक अगदी संयत. भीमसेनजींना ‘हलू नका’ म्हणणे म्हणजे गाऊच नका म्हणण्यासारखे झाले असते.

आमच्या परिचयाच्या एका घरची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. घरातील वडीलधाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या. लहानपणापासून जमिनीवर बसून गाणाऱ्या. मुलांनी हौसेने त्यांना एका ध्वनिमुद्रण कक्षात नेले. तेथे काचेच्या खोलीत उभे केले, दोन्ही कानांवर यंत्र चढविले. दोन ओळींत आवाज फाटला. घरी परतताना सगळे गप्प. ‘आता वय झाले’ असे मुलगा म्हणाला, आणि बाईंनीही ते मान्य केले. महिनाभर त्यांनी देवापुढेही गायले नाही. पुढे नात सुट्टीत आली, तिने देवघराशी पाट मांडून, तंबोरा आपल्या हाती घेऊन आजीला नुसते सोबत गायला बसविले आणि मोबाइल बाजूच्या स्टुलावर ठेवला. आवाज थकलेला होता, पण सुरात होता आणि त्यांचाच होता. ती एवढी साधी बैठक मांडली नसती तर त्या घराने आपल्या आईचे गाणे संपले असेच धरले असते.

तेव्हा आधी माणूस बसवावा, मग यंत्र. मांडी घालवत नसेल तर हातांची नसलेली, कठीण बैठकीची लाकडी खुर्ची घ्यावी. पाऊले जमिनीवर टेकलेली, कंबर गुडघ्यांहून किंचित वर. पेटी स्वतः वाजवीत गाण्याचा आग्रह धरू नये, कारण भाता ओढताना अंग एका बाजूस वळते. पेटी वा तंबोरा दुसऱ्याकडे द्यावा. कमरेचा पट्टा सैल असावा, जेवण होऊन दोन तास झालेले असावेत. कानांवर यंत्र लावायचेच झाले तर एक कान उघडा ठेवावा. स्वतःचा आवाज खोलीत ऐकल्याखेरीज आपल्याकडचा गाणारा सुरात स्थिर होत नाही.

मायक्रोफोन तोंडापासून सुमारे एक हातावर, ओठांच्या रेषेत पण थोडा बाजूला असावा. अंतर दुप्पट केले की आवाजाचा दाब निम्मा होतो. म्हणून वीतभर अंतरावर डोलणारा गवई मुद्रणात सारखा जवळ-दूर होतो, हातभर अंतरावर तेच डोलणे खपून जाते. शिवाय एकाच दिशेचा आवाज घेणारे मायक्रोफोन फार जवळ आणले तर खर्ज नको तितका फुगवितात. बाजूला ठेवण्याचे कारण आपल्या वर्णमालेत आहे. भ, फ, प ही अक्षरे ओठांतून वाऱ्याचा झोत सोडतात, आणि तो समोरच्या पडद्यावर आदळला की ‘भक्ती’ऐवजी धप्प असा ठोका उमटतो. मोबाइलचा मायक्रोफोन बहुधा खालच्या कडेला असतो; ती कड गाणाऱ्याकडे करावी, खाली जाड टॉवेलची घडी घालावी आणि पंखा बंद करावा. पहिली पाच मिनिटे मुद्रण चालू आहे हे गाणाऱ्याला सांगूही नये. चहा झाला, तंबोरा जुळला, एखादी जुनी ओळ गुणगुणून झाली, की खांदे आपोआप खाली येतात.