शिरोरेषेच्या मापाने पडदा

लॅपटॉपच्या पडद्याचे रिझोल्यूशन १९२० × १०८० किंवा २५६० × १६०० अशा गुणाकाराने सांगितले जाते, त्यातील पहिली संख्या एका आडव्या ओळीत किती चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, आहेत ती आणि दुसरी अशा ओळी किती आहेत ती असते. परंतु तेवढ्यावरून पडदा डोळ्याला सुखाचा होईल की नाही हे ठरत नाही, कारण तेच पिक्सेल १३ इंचांत दाटीने बसवले आहेत की १६ इंचांत ऐसपैस, हे त्यात कुठेच येत नाही. म्हणून घनता, म्हणजे एका इंचात मावणारे पिक्सेल, पाहावी लागते. १५.६ इंची पडद्यावर १३६६ × ७६८ हे रिझोल्यूशन असेल तर ती सुमारे १०० भरते, त्याच मापावर १९२० × १०८० असेल तर १४१ आणि १३.३ इंचांत २५६० × १६०० बसवले तर २२७. निर्दोष दृष्टीचा माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो असे धरले, तर ६० सेंटिमीटर अंतरावरून इंचाला साधारण १४५ आणि ५० सेंटिमीटरवरून १७५ पिक्सेलांपुढे सुटे बिंदू दिसेनासे होतात. हा हिशेब ढोबळ असला तरी दुकानात उभे राहून मनाशी मांडण्याइतका उपयोगी आहे.

काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरला पिक्सेलांची ठरलेली जाळी नसल्याने त्यावर रिझोल्यूशन कमी-जास्त केलेले चालून जाई. एलसीडी पडद्याला मात्र जन्मजात एकच जाळी असते. अक्षरे बारीक वाटतात म्हणून १९२० × १०८० च्या पडद्यावर १२८० × ७२० निवडले की एकेका पिक्सेलाला दीड पिक्सेलाची जागा भरावी लागते आणि सगळा मजकूर धुरकट होतो. रिझोल्यूशन मूळचेच ठेवून स्केलिंग, म्हणजे मजकूर मोठा करून दाखवण्याचे प्रमाण, वाढवणे हाच योग्य मार्ग असूनही घरोघरी नेमके उलटे केलेले आढळते.

इथवरचे विवेचन कोणत्याही लिपीला लागू पडते. देवनागरीचा प्रश्न निराळा आहे आणि तो खरेदीच्या सल्ल्यांत सहसा येत नाही. विंडोजमध्ये १०० टक्के स्केलिंगवर १२ पॉइंटांचे अक्षर १६ पिक्सेलांचे धरले जाते. रोमन अक्षराला एवढे पुरते, पण मराठी अक्षराला त्याच उंचीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि पायाशी उकार किंवा जोडाक्षराचा दुसरा मजला, असा सगळा संसार मांडावा लागतो, त्यामुळे अक्षराच्या अंगाला जेमतेम आठ-दहा ओळी उरतात. ‘विद्यार्थ्याचा’ आणि ‘विद्यार्थ्यांचा’ यांत एक विद्यार्थी की अनेक हे केवळ एका टिंबावर ठरते, आणि इंचाला १०० पिक्सेलांच्या पडद्यावर ते टिंब शेजारच्या रफाराला चिकटून दोन्हींचा मिळून एकच डाग दिसू शकतो. ‘घन’ आणि ‘धन’, ‘मात’ आणि ‘भात’ यांतला भेद शिरोरेषेतल्या बारीकशा खंडावर आणि गाठीवर उभा असतो. तो खंड बुजला की वाचक संदर्भाने वाचतो, पण मुद्रितशोधकाला संदर्भावर विसंबून चालत नाही.

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेल्या क्लिअरटाइप या तंत्राचे येथे थोडे अधिक विवेचन करणे अस्थानी ठरू नये. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा बनलेला असतो आणि या पट्ट्या स्वतंत्रपणे उजळून क्लिअरटाइप अक्षराची कड अधिक नेमकी करते. मात्र पट्ट्या शेजारी शेजारी असल्यामुळे हा लाभ आडव्या दिशेतच मिळतो. उभ्या दांड्यांवर उभ्या असलेल्या रोमन लिपीचे त्याने कल्याण झाले, मराठीतला कानाही सुधारला, परंतु शिरोरेषा आडवी असल्यामुळे तिची जाडी आणि जागा शेवटी पिक्सेलांच्या ओळींवरच अवलंबून राहिली. विंडोज २००० सोबत आलेला, र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट अनेकांनी प्रथम १०२४ × ७६८ च्या १५ इंची पडद्यावर, म्हणजे इंचाला अवघ्या ८५ पिक्सेलांवर पाहिला, हे लक्षात घेतले तर त्याला ठेवली गेलेली नावे पुष्कळदा पडद्याला ठेवायला हवी होती.

स्केलिंगचा आकडाही याच दृष्टीने निवडावा. १०० टक्क्यांवर एक ओळ जाडीची शिरोरेषा १२५ टक्क्यांवर सव्वा ओळीची होते, आणि सव्वा ओळ पडद्यावर असूच शकत नसल्याने ती एकतर बारीकच राहते किंवा तिच्याखाली राखाडी सावली येते. २०० टक्क्यांवर मात्र ती बरोबर दोन ओळींत बसते. ॲपलने २०१२ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोला २८८० × १८०० चा, इंचाला २२० पिक्सेलांचा पडदा दिला तेव्हा हाच दुपटीचा हिशेब धरला होता, आणि मराठी वाचणाऱ्याला त्याचा फायदा इंग्रजी वाचणाऱ्याहून अधिक झाला असे म्हणण्यास जागा आहे. स्केलिंग न ओळखणारी जुनी सॉफ्टवेअरे मात्र अशा पडद्यावर ताणलेल्या छायाचित्रासारखी पुसट दिसतात, तेव्हा जुन्या डीटीपीवर पोट असलेल्याने ती आधी चालवून पाहावीत.

दिवसभर मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने १३ ते १४ इंचांत २५६० × १६०० आणि २०० टक्के ही जोडी घ्यावी. तेवढी ऐपत नसेल तर १४ इंची १९२० × १२०० आणि १२५ टक्के यांवर काम चांगले भागते, शिवाय १०८० ऐवजी १२०० ओळी असल्याने मजकुराच्या तीन-चार ओळी जास्त दिसतात. १५.६ इंचांत ३८४० × २१६० घेतल्यास घनता २८२ वर जाते, डोळ्याला तो फरक क्वचितच कळतो आणि बॅटरी मात्र लवकर उतरते. दुकानातील लॅपटॉपवर धबधबे आणि फुलपाखरेच फिरत असतात. ती बंद करून एखाद्या मराठी दैनिकाचे पान उघडावे, हात नेहमीसारखे कीबोर्डवर ठेवावेत आणि मान पुढे न काढता रफारावरचा अनुस्वार सुटा दिसतो का ते पाहावे.