शेकडा कशावर?

पिकाचा भाव, जमिनीचा सारा वा कर्जाचें व्याज यांतील फेरफार बहुधा शेकडेवारीनें सांगितला जातो. परंतु तो शेकडा कोणत्या रकमेवर धरला, हें कळल्यावांचून आंकड्यास अर्थ येत नाहीं.

रीत सोपी आहे. जुन्या व नव्या रकमेंतील फरक काढावा, त्यास शंभरानें गुणावें व जुन्या रकमेनें भागावें.

सुरत जिल्ह्यांतील बारडोली तालुक्यांत सरकारनें साऱ्यावर शेकडा २२ वाढ ठरविली. १९२८ सालीं वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, व पुढें ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीअंतीं ती वाढ शेकडा ६.०३ वर आली. म्हणजे जुना सारा १०० रुपये असल्यास सरासरीनें १२२ ऐवजीं १०६ रुपये व वर सुमारें अर्धा आणा. सूट जवळजवळ १६ रुपयांची. ही सूट जुन्या साऱ्यावर शेकडा १६, वाढीव साऱ्यावर शेकडा १३ आणि नुसत्या वाढीवर शेकडा ७३ भरते! तिन्ही आंकडे खरे. प्रत्येकाचा पाया मात्र वेगळा.

भावाचेंही तसेंच. ४० रुपयांचा भाव शेकडा २५ उतरून ३० वर आला, तर पुन्हां ४० होण्यास तो शेकडा २५ नव्हे, ३३⅓ चढावा लागतो. कारण आतां पाया ३० चा आहे.

यास्तव कोणीं शेकड्याची भाषा केली, कीं प्रथम "कशावर?" असें विचारावें, आणि दोन्ही रकमा रुपयांत मांडून घेतल्यावांचून कागदावर सही करूं नये.