हाली आणि कलदार

नांदेड-लातूरकडच्या जुन्या दस्तांत ‘शंभर रुपये हाली’ असे लिहिलेले असते. ते इंग्रजी अमलातले शंभर रुपये समजून वाचले जातात. तसे ते नाहीत. आजच्या या दोन्ही जिल्ह्यांचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे हाली सिक्का (निजाम सरकारचा स्वतःचा रुपया) चाले. इंग्रजी रुपया तो कलदार. सरकारी दराने सात हालींचे सहा कलदार होत. म्हणजे दस्तातले शंभर भरतात सुमारे ८६ कलदार. वाटणीच्या हिशेबात हा फरक लहान नाही.

आणा मात्र दोहोंकडे रुपयाचा सोळावा भागच. एकराचे गुंठे चाळीस, शंभर नव्हेत, तसेच हे. शंभर पैशांचा रुपया भारतात १ एप्रिल १९५७ रोजी आला. चार आण्यांचे नेमके २५ पैसे झाले, पण एका आण्याचे सव्वासहा. सुट्या व्यवहारात सहाच धरले गेले.

चारमिनार छापलेल्या हाली नाण्यावर, फारसी अंकांत, १३४२ दिसले की ते सहाशे वर्षांचे असल्याचे सांगून भाव चढवला जातो. ते हिजरी साल आहे. इसवी सन १९२३-२४.