शाळा कधी बंद केल्या?

१९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत लस नव्हती, नेमके औषधही नव्हते. शहरांनी हातात होते ते केले : शाळा बंद, सभा-नाटके बंद, आजारी माणूस वेगळा. त्याचा उपयोग झाला का? मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर आणि इतिहासकार हॉवर्ड मार्केल यांनी सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या ४३ शहरांचे आठवड्यागणिक मृत्यू आणि बंदीच्या तारखा ताडून पाहिल्या. जुनी वर्तमानपत्रेसुद्धा चाळली. किचकट काम, पण २००७च्या त्यांच्या निबंधाचा सगळा जीव त्यातच आहे. जिथे उपाय लवकर, एकदम आणि जास्त दिवस चालले, तिथे मृत्यू कमी. सेंट लुइसने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा, चित्रपटगृहे, इतकेच काय, चर्चही बंद केली. नोव्हेंबरात बंधने सैल केली आणि साथ पुन्हा उसळली. बंदी परत घालावी लागली.